थोरल्या यंत्रावरून

३ फेब्रुवारी
आज येथे सुखरूप पोहोचलो. थोरले बंधू वारून महिना झाला. त्यांची खोली, खुर्ची व काम त्यांच्या कन्येने, म्हणजे माझ्या पुतणीने, माझ्या स्वाधीन केले. आभासी चलनाचे जगभरातील व्यवहार आरंभापासून उतरवून ठेवणारा एक संगणक येथे आहे. ती त्यास नोड म्हणते. तो जीर्ण झाल्याने शेजारी दुसरा बसविला आहे. हातभर तारेवरून थोरल्यातील सर्व धाकट्यात उतरायचे, आणि किती टक्के उतरले ते मी रोज टिपायचे. प्रत्येक नोंद तपासून घ्यायची का, असे तिने विचारले. मात्र वेळ फार लागेल म्हणाली. मी म्हणालो, घरच्याकडूनच घ्यायचे, तर तपासायचे काय? ती हसली. म्हणाली, काका, तुम्ही अगदी बाबांसारखे. शिकलात चौथी, तोरा हेडमास्तरांचा!

५ फेब्रुवारी
एकवीस टक्के. थकवा फार. बंधूंचा चष्मा लावून पाहिला. माझ्या चष्म्यापेक्षा स्वच्छ दिसते.

८ फेब्रुवारी
सेहेचाळीस. कपाटाची किल्ली मी घड्याळामागून काढली. ती तेथे असते, हे मला कोणीही सांगितले नव्हते. वयोमानाने असे होत असावे. बसल्या जागी डोळे मिटतात.

११ फेब्रुवारी
अडुसष्ट. हे डाव्या हाताने लिहीत आहे. डावरे बंधू होते, मी नव्हे. चौथीत माझे अक्षर वर्गात पहिले होते. हे अक्षर त्यांचे आहे.
पत्नीचा फोन आला. माझा आवाज ऐकताच म्हणाली, भाऊजी? — आणि फोन ठेवला. भाऊजींना तर आम्ही सर्वांनी महिन्यापूर्वीच स्मशानात पोहोचविले आहे.

१३ फेब्रुवारी
ब्याऐंशी. तार काढ, असे पुतणीस सांगितले. ती म्हणाली, आता कुठे मध्येच? पूर्ण झाले की थोरले यंत्र बंद करते, मग निवांत झोपा, बाबा.
तिने चूक सुधारली नाही. मी — ओ दिली.

१४
त्र्याण्णव. तार उपटावयास गेलो. डावा हात उजव्यास धरून ठेवतो. दमलो —
आमचे घर कोणत्या गल्लीत —

१५
नव्याण्णव. तपासून घ्यावयास हवे होते. बावन्न वर्षांचा संसार. निदान तिचे नाव येथे लिहून ठेवतो, उजव्या हाताने, अजून आठवते आहे तोवर — तिचे नाव