वात नव्हे, वाट

वार्षिक परीक्षेच्या चौथ्या पेपरला, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर करून तिसरी पुरवणी मागितली आणि त्या क्षणी माझे कॉलेज संपले. सुट्टीनंतर मी दीड महिना तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलो, पण तो नुसता बसलेला मी होतो.

सबब मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकवीस, शिक्षण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत (तेही साहित्याचे, हसू नये), धंदा आजपर्यंत काही नाही व सोमवारपासून विजेच्या मनोऱ्यांवर चढून तारा ओढणाऱ्या टोळीत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. मला कोणी काही पाजलेले नाही, धाक घातलेला नाही. मरायची मला मुळीच घाई नाही. उलट काही माणसे म्हातारी झालेली मला बघायची आहेत. परंतु टोळीचा मुकादम म्हणाला, "वर चढणाऱ्या प्रत्येकानं मृत्युपत्र करून द्यायचं, नियम आहे." मी म्हटले, माझ्याकडे आहे काय ठेवायला? तो म्हणाला, "लिहायला तर बस, निघेल." बसलो, तर निघतच गेले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. प्रेमपत्रे केली होती, ती सर्व याद्वारे रद्द समजावीत.

कलम १. अपघात झाल्यास कंपनी जे देईल ते आईचे. त्याचे काय करावे हे आईला कळते. काकांनी सल्ला देऊ नये.

कलम २. काकांना मी एका कुलूपवाल्याचा पत्ता ठेवतो. कारण असे. काकांच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांचे काचेचे कपाट आहे. पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली आहेत आणि कपाटाची किल्ली हरवून सहा वर्षे झाली आहेत. घरात कोणाचे काही अडलेले नाही. हेच काका माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेत बक्षीस द्यायला गेले तेव्हा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "तरुणांनो, वाचा! साहित्यानं माणूस घडतो!" घरी आल्यावर मी विचारले, "काका, तुम्ही शेवटचं काय वाचलंत?"

"आमच्या वेळी खूप वाचलं."

"कोणतं?"

"तोंड वर करून विचारतोस?"

आणि मी साहित्य घेतले तेव्हा हेच काका म्हणाले होते, "साहित्य? मग पुढं खाणार काय, अलंकार?" साहित्याने घडणारा माणूस दुसऱ्याच्या घरातला असावा, एवढेच त्यांचे म्हणणे. असे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. भाषणे तेच करतात, म्हणून तरुण वाचत नाहीत. वाचल्यावर असे होत असेल तर कोण वाचेल?

कलम ३. साहित्याच्या विभागप्रमुखांना मी छपाईचा शिशाचा एक खिळा ठेवतो. अक्षर ट. या खिळ्याची हकीकत लिहिणे भाग आहे, नाहीतर ते याला पदक समजतील.

आमच्या अभ्यासक्रमात एक कविता होती. पहिल्या वर्षाला पाच गुणांना आणि दुसऱ्या वर्षाला वीस. एक बाई दाराशी बसली आहे, एवढीच ती कविता. मूळ पुस्तक कुठे मिळत नाही, सगळे गाईडवरच चालते; त्यात शेवटची ओळ अशी: 'दिवा विझत आला तरी ती वात पाहत राहिली.' विभागप्रमुखांनी या वातीवर प्रबंध लिहिला आहे. वात म्हणजे आत्मा, तेल म्हणजे संसार, काजळी म्हणजे आणखी काही. दरवर्षी ते पिवळी पडलेली वही उघडतात, सांगतात, मुले लिहून घेतात. मीही घेतले. ऐकून ऐकून मला वात आला, कविता काही आली नाही.

मग एका दुपारी मी आणि ती (पुढच्या बाकावरची, हिच्याविषयी कलम ७) रद्दीच्या दुकानात जुने पेपर उपसत होतो. पेपर हे निमित्त. तिथे त्या कवीचे मूळ पुस्तक मिळाले, पुठ्ठा गेलेले. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि ओरडलीच, "अरे, ही वाट आहे! ती वाट पाहत राहिली! आणि आपण इतके दिवस वात बघत बसलोय!" ती इतकी हसली की रद्दीवाल्याने तराजू खाली ठेवला. त्या हसण्यावर मी मेलो. त्या हिशेबाने हे मृत्युपत्र जरा उशिराच होत आहे.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. वात होती तोवर त्या ओळीने माझे काही केले नाही. वाट झाली आणि मला घाम फुटला. कारण मी रोज दोन ते चार वाचनालयाच्या जिन्यावर एकच पान उघडून कोणासाठी बसत होतो हे मला आणि जिन्यालाच माहीत होते. त्या कवीला माझा पत्ता कोणी दिला? मी आतापर्यंत पुस्तके पाठ केली होती. पुस्तकाने मला चोरी करताना पकडले ते पहिल्यांदा. साहित्य कशासाठी शिकायचे याचे उत्तर मला तिथे मिळाले आणि ते एकाही भाषणात सांगत नाहीत. संस्कार बिंस्कार काही होत नाहीत. तुमच्या मनात जे चालले आहे ते आधीच कोणीतरी नीट शब्दांत लिहून ठेवले आहे हे कळते. मग माणसाला खोटे बोलायला अवघड जाते. एकवीस वर्षांच्या माणसाला हे कळणे फार गरजेचे आहे, कारण पुढे सगळे खोटे बोलायलाच शिकवतात.

परीक्षेत प्रश्न आला: 'कवितेतील वात या प्रतीकाचे मर्म विशद करा.' मी लिहिले की कवितेत वात नाही, वाट आहे, आणि वाट पाहणे म्हणजे काय ते पुढे दोन पाने लिहिले. वीसपैकी शून्य. खाली तांबड्या शाईत शेरा: 'मूळ पुस्तक वाचावे.'

मी मूळ पुस्तक घेऊनच सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी ओळ बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली.

"मुद्रणदोष असेल."

"मूळ पुस्तकात, सर? कवीनं स्वतः छापलेल्या?"

"अरे, माझा यावर प्रबंध आहे."

"पण सर, वाट आहे."

"वाट म्हटलं तर कवितेत उरतं काय? बाई नुसती बसलीय."

मी म्हटले, "हो सर. तीच कविता आहे."

सरांनी दाराकडे बोट केले.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितले. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. आता खिळे गेले, बाबा बिलबुके छापतात. जेवता जेवता त्यांनी विचारले, "कुठलं गाईड म्हणालास?" नाव सांगितले. बाबांचा घास हातातच राहिला.

"ते मी जुळवलंय. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. शेवटच्या पानांच्या फॉर्मला ट संपले होते रे. पुस्तक दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मालक म्हणाले, त टाक, शुद्धिपत्रात घेऊ."

"मग?"

"शुद्धिपत्राला कागद उरला नाही."

पुढच्या सगळ्या आवृत्त्या त्याच पानांचे फोटो काढून छापल्या. म्हणजे आत्मा, संसार, काजळी, प्रबंध आणि माझे शून्य, हे सगळे खिळ्यांच्या एका खणात ट नव्हता म्हणून. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात नाव काढून टाकायला अर्ज दिला. कारकुनाने कारण विचारले. मी म्हटले, अक्षरओळख झाली.

तो ट बाबांच्या जुन्या खणात आता पडून आहे, कामाला उशिरा आला. विभागप्रमुखांनी तो टेबलावर ठेवावा. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. उलटे वाचायची सवय त्यांना आहेच.

कलम ४. बाबांना मी माफी ठेवतो. त्यांनी ती मागितलेली नाही. ते म्हणाले, "एक अक्षर चुकलं तर वाचणाऱ्याला कळायला नको?" बरोबर आहे. खिळे जुळवणारा चुकला तर एकदा चुकला. वाचणारे दरवर्षी चुकत आले.

कलम ५. माझी सायकल, रेनकोट आणि टेबल धाकटीला. पुस्तकेही तिलाच. तिने यंदा पहिल्या वर्षाला साहित्यच घेतले आहे. मला विचारले होते, "दादा, घेऊ की नको?" मी म्हटले, घे, पण गाईड घरात आणलेस तर तंगडी मोडीन. या कागदाने तिला सूचना की कुठल्याही गोष्टीचे तात्पर्य कोणी मागितले तर देऊ नये. तात्पर्य सांगता आले असते तर लिहिणाऱ्याने दोनशे पाने कशाला घालवली असती? एखादे पुस्तक आवडले नाही तर खुशाल टाकून द्यावे. रडू आले तर कोणासमोर आले हे बघू नये. आणि पुस्तके उंचीप्रमाणे लावू नयेत.

कलम ६. माझ्या नोट्सच्या चार वह्या छापखान्याला, तिथल्या बाइंडरकाकांनी त्या पुठ्ठ्यात भराव्यात.

कलम ७. आता ती. परीक्षेनंतर मी तिला फाटकाशी गाठले होते.

"तिसरी पुरवणी घेऊन तू वात लिहिलंस?"

"मग काय लिहू? मला पहिला नंबर पाहिजे. घरून दोनच वर्षं मिळालीत मला, नंबर आला तरच तिसरं."

"पण तुला माहीत होतं!"

"तुला नुसतं बरोबर ठरायचं असतं. बरोबर ठरून तुझी काय वाट लागेल ती बघ."

तिला वीसपैकी अठरा मिळाले. पहिला नंबरही. आता सरांनी तिला बक्षीस म्हणून पहिल्या वर्षाचा जादा तास घ्यायला दिला आहे. सोमवारी मी पहिल्या मनोऱ्यावर चढेन तेव्हा ती माझ्या धाकटीच्या वर्गात उभी राहून ही कविता शिकवील. पाच गुण. काय शिकवील याचा विचार करून मला दोन आठवडे अन्न गोड लागलेले नाही. एवढी हुशार मुलगी, एवढे स्वच्छ हसणारी, आणि तोंडातून काजळी काढणार? माझ्या बहिणीसमोर?

तरी कवितेचे मूळ पुस्तक मी तिलाच ठेवतो. अट अशी की तिने पहिल्याच तासाला शेवटची ओळ मोठ्याने वाचावी, वाट म्हणजे प्रतीक्षा असा अर्थ सांगावा आणि दुसरा कोणताही सांगू नये. अट मोडल्यास पुस्तक धाकटीकडे जावे.

येथपर्यंत लिहून झाले असता ती आली. मी छापखान्याच्या मागच्या खोलीत बसलो आहे. धाकटीने सांगितले असणार. बाइंडरकाका खळ ढवळत होते. त्यांनी स्टूल पुढे केले. ती बसली नाही.

"सोमवारी चाललास म्हणे. आणि हे काय?"

"मृत्युपत्र."

"नाटकं संपली नाहीत का अजून?" असे म्हणून तिने कागद ओढला आणि उभ्यानेच पहिल्यापासून वाचला. काकांच्या कुलूपवाल्याला हसली. कलम ७ दोनदा वाचले. मग हसली नाही.

"'दुसरा कोणताही सांगू नये.' हे तू लिहिलंस?"

"मग? चूक आहे?"

"अरे, हे सरांचं वाक्य आहे. तू फक्त त चा ट केलास."

यावर मी जे बोललो ते दस्तऐवजात घेण्यासारखे नाही. तीही कमी बोलली नाही. बाइंडरकाका म्हणाले, "आवाज खाली करा, पानं उडतायत माझी."

मग ती म्हणाली, "मी अठरा मार्कांसाठी खोटं लिहिलं. मला ते गोड लागलं असं वाटतं का तुला? पण तू सांगतोस म्हणून मी वर्गात वाट म्हटलं, तर त्या पोरी काय करणार? लिहून घेणार. खाली रेघ मारणार. तुझी बहीण सगळ्यात आधी."

तिचे बरोबर होते. ती बरोबर असली की मला जास्त राग येतो.

"आणि मी म्हणतो," बाइंडरकाका मध्ये पडले, "पोरगी समोर उभी आहे, तर मेल्यावर कशाला देतोस? आत्ता दे की."

मी पिशवीतून पुस्तक काढून दिले. अट न घालता. तिने शेवटचे पान उघडले, ओठ हलवत वाचले, आणि म्हणाली, "दोन्ही ठेवीन. हे टेबलावर आणि गाईड त्याच्या शेजारी. एकेकीला उठवून दोन्हीकडे ओळ वाचायला लावीन. मी काही सांगणार नाही. सर आले तर त्यांनाही वाचू दे."

"तास काढून घेतील तुझा."

"घेऊ देत. नंबर मिळालाय माझा."

सबब कलम ७ मधील अट व देणगी दोन्ही मी स्वतःच्या हाताने खोडल्या आहेत. पुस्तक माझ्या हयातीतच तिच्याकडे गेले, त्याबद्दल माझ्या वारसांनी तक्रार करू नये. तिच्याविषयी माझ्या मनात आणखी जे काही आहे त्याची या दस्तऐवजात तरतूद नाही.

दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. बाइंडरकाका म्हणाले, "ज्याला या कागदानं काही मिळणार त्यानं साक्ष घालायची नसते. हिला आता काही मिळतंय का?"

"नाही," मी म्हटले.

"काहीच?"

"काहीच नाही."

"मग ये गं, कर सही."

लिहून ठेवणार: (सही) नाव काढून टाकलेला विद्यार्थी, खिळे जुळवणाऱ्याचा मुलगा

साक्षीदार १: (सही) बाइंडर. आम्हा सर्वांसमोर सही झाली. कागदावर खळीचा डाग माझा.

साक्षीदार २: (सही) पहिला नंबर. वाचून, समजून सही केली. कलम ३ मधील ओळ मी पुस्तकात डोळ्यांनी पाहिली आहे. परीक्षेत मी जे लिहिले ते खोटे होते.

ठिकाण: छापखान्याची मागची खोली. दिनांक: पाच, शनिवार, सकाळ.

कागदाची घडी घालायची राहिली आहे. बाबांनी पुढे यंत्र चालू केले, आता कोणी काही बोलले तरी ऐकू येणार नाही. ती स्टुलावर बसून पुस्तक पहिल्या पानापासून वाचते आहे. मुकादम हा कागद न्यायला अकराला येईल म्हणाला होता. मी उठतो, बाहेर पडतो आणि तिच्या वाचनात यंत्राचा आवाज नको म्हणून दार ओढून घेतो.