चुलीखालचा रूळ

ती. राहीआत्या,

फोनवर बोलता आलं नाही, ते लिहितोय. पाठवायचं धाडस होईल असं वाटत नाही.

मिरज-पंढरपूर छोट्या गाडीचं मॉडेल करायचं म्हणून मी जुना मार्ग शोधत हिंडत होतो. रूळ कधीच उचललेले. कुठं द्राक्षबाग झालीय, कुठं रस्ता. तुमच्या गावात तर खूणच सापडेना. तेव्हा तूच हाताला धरून मला आत नेलंस. "ह्या माज्या चुलीखालनं जायची बघ गाडी. भराव उंच, पावसाचं पानी शिरत न्हाई, म्हून तुज्या मामांनी हितं घर बांधलं."

मी मॉडेलमध्ये तसंच केलं. तुझं पत्र्याचं घर, एका भिंतीतून आत शिरणारे आणि दुसरीतून बाहेर पडणारे रूळ. सांगलीच्या प्रदर्शनात लोक नेमकं तेच बघायला गर्दी करायचे. पेपरात मॉडेलसोबत माझा फोटो आला, खाली गावाचं नाव. ते मीच सांगितलं होतं. जमीन रेल्वेची आहे हे मला कळत होतं गं. पण कौतुक गोड लागत होतं.

काल तू रडत सांगितलंस, घर खाली करायची रेल्वेची नोटीस आलीय. आणि मधेच हसलीस. "आरं, सायबाच्या हातात तुजा पेपरातला फोटो हुता! येवढा मोटा मानूस बी तुला वळकतोय. तूच ये आन् सांग त्याला, आमच्या घराखालनं गाडी कवाच गेली न्हाई म्हून. तुजं ऐकंल त्यो."

मी 'येतो' म्हणालो.

तुझा,
वीरधवल