माळकऱ्याच्या चुलीवरचा रस्सा

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

'माळ यांच्या गळ्यात हाये. माझ्या न्हाई.' सुरेखा आज डॉक्टरांना असं बोलली. माझ्यासमोर.

तिला दाखवायला जालन्याला गेल्तो. दिवाळीनंतर छातीतली गाठ काढली, आता केमो चालू आहे. चारातले दोन झाले. आज रक्त फार कमी निघालं. वाढलं नाही तर पुढचा डोस लांबवावा लागेल, डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, 'अंडी, चिकन चालतं ना?' मी म्हणालो, आमचं माळकऱ्याचं घर आहे. 'यांचं पण?' असं त्यांनी तिच्याकडं बघून विचारलं, तेव्हा ती बोलली.

डॉक्टर भला माणूस. डाळी, सोयाबीन, शेंगदाणे यांनीही भागतं म्हणाले, सक्ती नाही. पण पोटात काहीतरी जाऊ द्या.

घरी आलो. संक्रांत म्हणून शेजारून गिरिजाबाई वहिनीनं तिळाची पोळी आणून दिली. सुरेखानं एक घास मोडला अन् ताट सरकवलं.

१७ जानेवारी

पुण्याहून दीपमालाचा फोन. लेक आहे पण डॉक्टरीणबाईसारखी बोलते. आईला सोयावडी द्या, पनीर द्या, मोड आलेले मूग द्या. वहिनीकडून सोयावडीची भाजी करून घेतली. सुरेखानं चावली, बाहेर काढली. 'सरकीसकट कापूस चावल्यावाणी लागतं.'

पनीर तसंच पडून आहे. मोसंबीला पाणी द्यायचं होतं, दिवस बागेतच गेला.

१९ जानेवारी

आज स्वतःहून मागितलं. 'मला कोंबडीचा रस्सा प्यावा वाटून राह्यला.'

तिचं माहेर टेंभुर्णी. तिकडं बाजाराच्या दिवशी हमखास असायचं. मी माळ घातली तेव्हापासून आमच्या घरात बंद. माहेरी गेली की खायची. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. असं बरं चाललं होतं.

बागेत काम आहे म्हणालो. उठून गेलो.

२० जानेवारी

सोमेश्वरदादाच्या कानावर घातलं. थोरला भाऊ, भिंतीला भिंत लागून घर, त्यातून भजनी मंडळ तोच चालवतो. न सांगता करणं शोभलं नसतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'जीव घेऊन जीव वाचत असतो का रे कल्याण?'

हेच मी आजवर किती जणांना ऐकवलंय. आज माझ्यावर आलं. वाक्य चुकीचं वाटत नाही, अजूनही. पण सुरेखाच्या मनगटात बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. तेही खोटं नाही.

२२ जानेवारी

मधला मार्ग काढला. शेजारच्या वावरातली आशाबाई धनगराची, तिच्याकडं शेळ्या अन् कोंबड्या आहेत. तिला सांगितलं, तुझ्या घरी करून डबा दे. बिचारीनं लगेच दिला.

सुरेखानं दोन चमचे घेतले, झाकण लावलं. 'दुसऱ्याच्या डब्यातलं चोरून खाल्ल्यावाणी वाटतं. आपल्या घरचं असतं तर गेलं असतं.'

आपल्या घरचं. म्हणजे कोणी करायचं? तिला उभं राहवत नाही. वहिनीला सांगायची सोय नाही.

२५ जानेवारी, शनिवार

एकादशी. उपवास. दिवसभर माळेवरून हात फिरवत होतो.

उद्या करतो.

२६ जानेवारी, रविवार

केलं.

घरातल्या चुलीवर नाही. अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडले, आशाबाईकडून पातेलं आणलं. कोंबडी तिनंच कापून, साफ करून आणली. मी लांबूनच हात जोडले. आशाबाईनं बघितलं, हसली नाही. म्हणाली, 'आमचे सासरे बी कापायच्या आधी पाणी पाजायचे, पाया पडायचे. जीवच हाये ना तो.'

मला वाटायचं, खाणाऱ्याला काही वाटत नाही. किती वर्षं असं धरून बसलो होतो.

ती सांगत गेली, मी करत गेलो. कांदा-खोबरं भाजून वाटलं. नाकाला उपरणं बांधलं होतं तरी वास यायचा तो आलाच. दोनदा उठून बाजूला गेलो. सुरेखा उन्हात बाजेवर बसून बघत होती, डोक्याला स्कार्फ. 'अहो, जाळ कमी करा. खाली लागंल.' एवढं मोठ्यानं ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

वाटीभर रस्सा प्यायली. चतकोर भाकरी कुस्करून खाल्ली.

मी अंघोळ केली. पुन्हा केली.

२७ जानेवारी

उलटी झाली नाही.

२ फेब्रुवारी

आज दुसऱ्यांदा. शेंगदाण्याचं कूट जास्त घातलं, दीपमालाचंही ऐकल्यासारखं झालं.

सुरेखानं विचारलं, 'तुम्हाला पाप वाटून राह्यलं का?'

'वाटतं.'

'मंग करता कशाला?'

'तू जेवतीस म्हणून.'

तिनं रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, 'मंग अर्धं माझ्या नावावर टाका.'

८ फेब्रुवारी, शनिवार

एकादशीच्या भजनाला गेल्तो. कोणी उठ म्हणालं नाही. पण टाळही कोणी हातात दिला नाही. दादानं माझ्याकडं बघितलंच नाही. दोन अभंग ऐकले अन् आलो.

सुरेखानं विचारलं, काय म्हणले? म्हटलं, काहीच नाही.

'तेच वाईट,' ती म्हणाली.

मी स्वतः खात नाही, खाणारही नाही. माळ काढली नाही. आणखी काय करायला पाहिजे?

९ फेब्रुवारी

अंगणात चूल पेटवली अन् गिरिजाबाई वहिनी आली. पदराखाली टोपलं, त्यात ज्वारीच्या गरम भाकरी. 'तुमच्या भाकरी बघितल्यात मी. आजारी माणसाला असल्या देत असतेत का?'

मी विचारलं, दादाला माहीत आहे का?

'पीठ त्यांनीच दळून आणलं. कशाला पाहिजे म्हणून विचारलं न्हाई.'

सुरेखानं अख्खी भाकरी खाल्ली.

१३ फेब्रुवारी

रक्त वाढलं! डोस दिला. रक्तवाढीच्या गोळ्यांनी वाढलं की रश्श्यानं, डॉक्टरांनाही सांगता येईना. म्हणाले, जे चाललंय ते चालू द्या.

परत आलो तर दादा ओट्यावर बसला होता. 'काय म्हणले डॉक्टर?' सांगितलं. मान हलवली. आत जाता जाता म्हणाला, 'माझं म्हणणं बदललं न्हाई. पण एकादशीला भजनाला ये. तू नसला की ताल बिघडतो.'

६ मार्च

शेवटचा डोस. संपलं एकदाचं.

२३ मार्च

दुपारी बाहेर जाऊन आलो तर सुरेखा लिंबाखाली. दगडावर टेकून आशाबाईच्या करडाला पाला चारत होती. मला म्हणाली, 'तुम्हाला वाटत असंल, खाती ती अन् लाड बी करती.' म्हटलं, मी काही बोललो नाही. 'बोलले न्हाई, पण वाटलं.'

खरंच वाटलं होतं. दोघंही हसलो.

५ एप्रिल, शनिवार

वरण मीच केलं होतं. पहिल्या घासाला सुरेखा थांबली. 'खारट झालंय.'

म्हटलं, रश्श्याला कधी नाव ठेवलं नाहीस ते.

'रस्सा कसा लागायचा मला काय ठाव? पहिल्या केमोपासून जिभेला चवच नव्हती. समदं मातीवाणी. आज पहिल्यांदा मीठ कळलं.'

'मंग मागितला कशाला?'

'तुम्ही घरात थांबतच नव्हते. माझ्याकडं बघवत नव्हतं तुम्हाला. पिठलं मागितलं असतं तर वहिनीला सांगून बागेत गेले असते.'

वरण खरंच खारट होतं. ती दोनदा मागून जेवली.