पाय कोणाचे

रविवार, ३ ऑगस्ट

आज कळलं ती हसते कशी! उजव्या गालाला खळी पडते. त्या हसण्याला मी मे महिन्यातच उत्तर देऊन बसलेय, आणि हसू बघितलं आज.

पहिला भाग लागला. ओटीवर माणसं मावेनात. अख्खी वाडी आमच्याकडे. आईने सगळ्यांना चहा केला, दूध संपल्यावर कोरा. मालिकेचं नाव आलं – ‘ठेका धर!’ – तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी गावातली बकुळ, ती मुंबईची रिया. दोघींची फोनवर ओळख होते आणि मग व्हिडिओ कॉलवर एकमेकींना नाच शिकवतात. मी तिला जाखडी, ती मला तिच्या क्लासमधलं.

रिया झालेल्या मुलीचं खरं नाव मनस्विनी. मी तिला भेटलेलीच नाही! तिचं शूटिंग मुंबईत, माझं इथे पालीला आणि थोडं आंजर्ल्याला. माझ्या हातातला फोन बंद असायचा. काळ्या काचेवर पांढरी चिकटपट्टी – तिथे बघायचं. तिची वाक्यं दीपकदादा वाचायचा, दिग्दर्शकांचा मदतनीस. दाढीवाला, घसा कायम बसलेला. “अगं वेडे, मला पण तुझी खूप आठवण येते” – हे त्या आवाजात! आणि मी पट्टीकडे बघून खरीखुरी रडायचे.

जाताना शेजारच्या काकीने विचारलं, “ती पोरगी कशी हाय गो स्वभावाला?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “चांगली हाय. रोज बोलतात दोघी.”

आईला तसंच वाटतं. मी कप गोळा करायला लागले.

बुधवार, ६ ऑगस्ट

संस्कृती अजून खिडकीजवळच्याच बाकावर. पहिलीपासून आम्ही एका बाकावर होतो. मे महिनाभर मी तिच्याकडे गेले नाही, करवंदांना नाही की पोहायला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती दुसरीकडे बसलेली होती. आज मुद्दाम तिच्याजवळ गेले. डबा उघडला. ती म्हणाली, “तुला आता मुंबईची मैत्रीण आहे ना.”

रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

रविवार, १७ ऑगस्ट

तिसरा भाग. बघायला काकी, तिची नात आणि आम्ही. चहाला दूध उरलं.

आज रियाने बकुळला विचारलं, “तुझ्याकडे आत्ता काय दिसतंय?” बकुळ फोन फिरवून कातळ दाखवते, लांबचा आंबा दाखवते. आणि मनस्विनी डोळे एवढे मोठे करते! तोंड उघडंच. मला माहीतच नव्हतं ती असं करणार आहे. मी दाखवत होते तेव्हा तिथे दीपकदादा बिस्कीट खात होता.

रोज शाळेतून येताना मी मनातल्या मनात तिला सगळं सांगते. तिला म्हणजे कोणाला, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

बाबा गणपतीला आलेत. कंपनीत सगळ्यांना मोबाईलवर भाग दाखवतात. आज आरतीनंतर म्हणाले, “लाव की तुझ्या मैत्रिणीला फोन. मी पण बोलतो. गणपतीला ये म्हणून सांगतो.”

म्हटलं, तिचा फोन बंद असतो.

“सणाचा?”

“क्लास असतो तिचा.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं. लावशील तेव्हा सांग.” पुन्हा विचारलं नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज बाबा. घर एवढं मोठं वाटतं की बोललं तर आवाज परत येईल.

मंगळवार, ९ सप्टेंबर

धाडस केलं. दीपकदादाला फोन करून मनस्विनीचा नंबर मागितला. तो म्हणाला, “नंबर तिच्या आईचा आहे हं. बघ काय होतंय.”

काय लिहायचं? चार वेळा लिहून खोडलं. शेवटी बोलूनच पाठवलं. “हॅलो मनस्विनी, मी राही. म्हणजे बकुळ. तू तिसऱ्या भागात डोळे मोठे केलेस ना, ते मला खूप आवडलं. तुला खरंच कातळ बघायला यायचं असेल तर ये.” एवढंच.

दोन निळ्या खुणा आल्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

उत्तर आलं. तिच्या आईचं. “बेटा, मनस्विनीच्या परीक्षा आहेत आणि पुढचं शूटिंगही आहे. तुझं काम छान झालंय. खूप शुभेच्छा.” पुढे एक अंगठा.

वाईट काही नाही त्यात. मी दहादा वाचलं, वाईट काहीच सापडलं नाही. तरी दिवसभर जेवण गेलं नाही.

तिने तरी मला का ओळखावं? ती पण कुठल्यातरी पट्टीकडेच बघत होती ना.

रविवार, २१ सप्टेंबर

आज आठवा भाग. काहीतरी विचित्र आहे!

यात रियाला शेवटी जाखडी जमते. मुंबईच्या त्या गुळगुळीत फरशीवर ती एकटी नाचते आणि बकुळ फोनवर बघत टाळ्या वाजवते. आधी तिचा चेहरा. मग नुसते पाय, कितीतरी वेळ. मग परत चेहरा.

ते पाय मुंबईचे नाहीत.

आईच्या मोबाईलवर परत परत बघितलं. बोटं पसरलेली. टाचेला भेगा. कातळावर अनवाणी चालणाऱ्यांचे असतात तसे, माझ्यासारखे. आणि नाचणं! जाखडी आमच्याकडे बाप्ये नाचतात, एका पायात चाळ बांधून. मी वाडीतल्या आत्मारामकाकांच्या मागे मागे फिरून शिकले, म्हणून त्यातली खोड माहीत आहे – चाळाचा पाय आपटताना दुसऱ्या पायावर भार राहू द्यायचा नाही, नाहीतर पुढची गिरकी चुकते. काकांनी त्यावरून माझ्या पोटरीवर किती फटके दिलेत! हे क्लासमध्ये शिकून चार दिवसांत येत नाही. त्या पायांना ते येत होतं. गिरकी घेताना तर असा काही झोका घेतला की मी उठून उभी राहिले.

आई म्हणाली, “काय झालं गो?”

कसं सांगू!

मंगळवार, २३ सप्टेंबर

दीपकदादाला विचारलं. तो आधी हसला. “पकडलंस तू! अगं, मनस्विनीला तो पाय जमेना. दोन दिवस गेले. मग डान्समास्तर म्हणाले, रत्नागिरीच्या निवडीत तुझ्याखालोखाल एक मुलगी होती, तिला आणा. सगुणा तिचं नाव. सावर्ड्याची. एका दिवसात सगळे पाय करून गेली.”

“तिचं नाव शेवटी का नाही येत?”

“अशांचं येत नाही, राही.”

तिच्याकडे फोन नाही. तिच्या बाबांचा नंबर होता तो लागत नाही. वाडी माहीत आहे – सावर्ड्याच्या बाजारपेठेच्या मागे.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळ्या मुली हॉलच्या पायऱ्यांवर ओळीने बसलो होतो. ती पण असणार. मी आठवून आठवून बघतेय. एकही चेहरा आठवत नाही. माझं नाव पुकारतात की नाही, त्या दिवशी तेवढंच डोक्यात होतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. दाराला तोरण लावलं, सोनं वाटलं. संस्कृतीच्या घरीही गेले. तिच्या आईने आत बोलावलं. संस्कृतीने सोनं घेतलं, दिलं, आणि “येते हां, भाजी ढवळायचीय” म्हणून आत गेली.

घरी आले आणि मागच्या पडवीत मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. आठवा भाग लावला. पाय आले की त्यांच्याबरोबर नाचायचं, संपलं की परत मागे घ्यायचं. मध्ये मध्ये बोलतही होते बहुतेक. “आता तू,” “थांब, परत,” असं काहीतरी. वळले तर दारात आई.

“कोणाशी बोलत होतीस?”

“कोणाशी नाय.”

तिने मोबाईलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला एकदम रडू आलं आणि सगळंच सांगितलं. मनस्विनीला मी कधी भेटलेच नाही इथपासून सावर्ड्यापर्यंत. आई उंबऱ्यावर बसली.

“म्हंजे मी वाडीभर सांगत फिरले ते?”

“तू विचारलंच नाहीस.”

“व्हय. नाय विचारलं.” मग बराच वेळ ती तोरणाचं उरलेलं पान मोडत बसली. “तुझ्या बाबाशी मी पण फोनवरच बोलते गो. पण तो घरात कसा चालतो ते मला ठाऊक हाय. म्हणून भागतं.”

मी म्हटलं, “आपण सावर्ड्याला जाऊया?”

“भात उभं हाय शेतात. ते सोडून कुणाचे पाय बघायला जायचं?”

मी मोबाईल उचलून तिच्या हातात दिला. तीच उठली. “रविवारी जाऊ. सकाळच्या गाडीने.”

रविवार, ५ ऑक्टोबर

दमलेय. पण लिहिते.

हायवेच्या खड्ड्यांतून गाडी नुसती डुलत होती. आईला उलटी झाली. सावर्ड्याला उतरून विचारत विचारत वाडी सापडली. चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण. दाराला कुलूप.

शेजारच्या काकू बाहेर आल्या. “कापणीला गेली सगळी तिच्या मामाकडे. कोण पाहिजे?” आणि मग डोळे बारीक करून, “तू ती टीव्हीवरची नव्हं?”

म्हटलं, हो. सगुणाला भेटायला आले.

काकू हसायला लागल्या. “म्हंजे तिने तुला पण सांगितलं का? टीव्हीवर माझे पाय दिसतात म्हणते! शाळेत पोरं चिडवतात तिला – पायवाली, पायवाली. मास्तरपण म्हणाले, थापा मारू नये. आता बोलायचंच सोडलंन तिने. गेल्या रविवारी तर मालिका लागली नि ही परसात जाऊन बसली.”

मी एवढी जोरात बोलले की आईने माझा दंड धरला. “तिचेच आहेत! आठव्या भागात सगळे पाय तिचे आहेत. ती खरं बोलतेय!”

काकूंचं हसू गेलं. समोरच्या घरातली दोन माणसंही अंगणात आली होती. मग मी तेच परत सांगितलं, सावकाश. एका आजोबांनी विचारलं, “मग त्यांनी तिचं नाव का नाय टाकलं?”

“अशांचं येत नाही म्हणे,” मी म्हटलं.

त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाले. आईने काकूंना आपला नंबर आणि आमच्या वाडीचं नाव लिहून घ्यायला लावलं. परतीच्या गाडीत आई झोपली. मी खिडकीतून बघत होते. माझ्याबद्दल आमच्या घरातून खोटं पसरलं आणि लोकांनी ते खरं धरलं. ती खरं बोलली तर तिला पायवाली. आणि आम्ही दोघी त्या एकाच मालिकेत फोनच्या अलीकडे-पलीकडे नाचतोय!

बुधवार, ८ ऑक्टोबर

फोन नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नाही. कदाचित तिला माझा रागच येत असेल. मला आला असता.

शेतात आईला मदत केली. हात कापला थोडा.

रविवार, १२ ऑक्टोबर

शेवटचा भाग. आई शेतावर, काकी आली नाही. मी एकटीने बघितला.

रिया आंजर्ल्याला येते. देवळाच्या पायऱ्यांवर बकुळ तिला बघते, धावत सुटते, मिठी मारते. मनस्विनी तेव्हा आंजर्ल्याला आलीच नव्हती. मी धावले ती दीपकदादाकडे. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, दाढी टोचत होती, आणि तो हळूच म्हणत होता, “छान, अजून थोडं, छान.” टीव्हीवर तिथे मनस्विनीचा खांदा दिसतो. कसं जोडलंय कोण जाणे. खरं वाटतं अगदी.

नावं वर सरकत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत बघत राहिले. सगुणा कुठेच नाही.

मग जाहिरात लागली. टीव्ही बंद केला. आता रविवारीसुद्धा कोणी येणार नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

शाळेतून आले तर ओटीवर एक मुलगी बसलेली! दोन वेण्या, गुडघ्यावर पिशवी. आत तिची आई आणि माझी आई चुलीजवळ बोलत होत्या. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मी सगुणा. तू आमच्याकडे येऊन भांडून गेलीस म्हणे.” ती म्हणाली, काल मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेने तिला मैदानात नाचायला लावलं. मास्तर पण उभे होते बघत. मग म्हणाली, “पण गिरकीला तू डाव्या अंगाला कलतेस. आठवड्याच्या आठवड्याला बघून माझा जीव जायचा! सांगणार कोणाला?” दोघी एवढ्या हसलो की आई बाहेर आली. आज त्या इथेच राहणार आहेत. कुंपणापलीकडे संस्कृती उभी आहे मघापासून, सगुणाने तिलाही हात करून बोलावलंय. ती येतेय! सगुणा अंगणातून ओरडतेय – “लिवत काय बसलीस गो? ये ना!”

जाते.