गौतमीचं नामांकन

चि. गौतमी,
मामाचा जयभीम.

तुमच्या त्या बर्फातल्या मोहिमेच्या सिनेमाला नऊ नामांकनं मिळाली, त्यात ध्वनीसाठी तुझं. त्याच दिवशी मी शिरूरच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला, 'पुरस्कार मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शेजारचे मारुतरावआप्पा म्हणाले, "चांगदेव, आजून निकाल कुठं लागलाय?" मी म्हणालो, "आप्पा, नामांकन म्हंजी मिळाल्यातच जमा."

सिनेमाला चार पुरस्कार मिळाले, तुझा हुकला. दुसऱ्या दिवशी तू घरी यायचं म्हणून स्टँडवर उतरलीस, फ्लेक्स बघितलास आणि तशीच पुण्याच्या गाडीत बसलीस. चहावाल्यानं सांगितल्यावर मी धावत जाऊन तो उतरवला. मग फोन करून तुला काय म्हणालो, तर "पुढच्या वर्षी नक्की." तू नुसतं "हं" म्हणालीस. वरातीत कुठला स्पीकर फाटलाय ते मला लांबून कळतं, पण तुझ्या त्या "हं"वरही मीच बोलत राहिलो.

पुरस्कारांमुळं सिनेमा दौंडला पुन्हा लागलाय. काल पहिल्यांदा बघितला. बर्फाचा कडा कोसळायच्या आधी तू वारा, संगीत सगळं काढून घेतलंस आणि कड्याखाली अडकलेल्या त्या पोरीचा श्वास तेवढा ठेवलास. अख्ख्या थेटरात कुणी खाकरलंसुद्धा नाही. मी जन्मभर साऊंड भाड्यानं दिला, पण लोकांना असं गप्प करणं मला कधी जमलं नाही.

आता हे पाठवलं तर तुला वाटेल, हरलीस म्हणून मामा समजूत घालतोय. फ्लेक्स लावायच्या आधी सिनेमा बघायला हवा होता.

तुझाच,
चांगदेवमामा