बसण्याच्या खोक्यांतील संगणक शाळेस मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
शिक्षण कार्यालय, पहिला मजला,
व्हरांड्याच्या टोकाची खोली.

(मार्फत : मुख्याध्यापिका)

विषय : आपल्या कार्यालयाच्या जिन्याखाली असलेली, मी स्वतः अनेकदा बसून पाहिलेली खोकी आमच्या शाळेस देण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे पूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्या सर्वांना आलेले आपले एकच उत्तर, 'प्रकरण विचाराधीन आहे.'

महोदय,

१. मी शाळेत चित्रकला शिकवतो. संगणक हा विषय सक्तीचा झाला तेव्हा शाळेत संगणक नव्हता आणि तो शिकवणारा माणूसही नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांची बैठक घेऊन संगणक कोणाला चालवता येतो, असे विचारले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग त्यांनी विचारले, की निदान फळ्यावर काढता तरी कोणाला येईल. मी हात वर केला. त्या दिवशी मला ही हुशारी वाटली होती. तेव्हापासून संगणकाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे.

२. परवडणारा संगणक मी शोधला नाही असे नाही. नव्या मालाच्या दुकानदाराने आधी खुर्ची दिली, पंखा लावला आणि शाळेची ऐपत ऐकल्यावर पंखा बंद केला. जुने संगणक विकणारा त्या मानाने भला माणूस निघाला. त्याने आमच्या ऐपतीत बसणारी वस्तू शोधून काढली. तो नुसता माऊस होता. मी तो घेतला. सध्या तो वर्गात टेबलावर असतो. त्याची वायर जिथे संपते तिथून पुढे ती मी खडूने फळ्यावरच्या संगणकापर्यंत काढली आहे. मुले तो फिरवायला रांग लावतात.

३. दरम्यान आपल्या कार्यालयात माझे हेलपाटे सुरू झाले. व्हरांड्यात खुर्ची नसल्याने शिपाईदादांनी जिन्याखालच्या खोक्यांकडे बोट दाखवले आणि मी बसलो. प्रत्येक खोक्यावर संगणकाचे सुबक छापील चित्र होते. वेळ भरपूर असे, म्हणून मी ते वहीत उतरवून घेतले. फळ्यावर मी जो संगणक काढतो तो हाच. सरकारी खोक्यावर जे छापलेले असते तेच आत असेल, असा विचार मी एकदाही केला नाही. आपण तेवढे भोळे नाही, याचा मला अभिमान होता. अशा रीतीने, महोदय, मी संगणकावर बसून संगणकासाठी अर्ज लिहीत होतो.

४. आमची शिकवण्याची पद्धत अशी : फळ्यावर चित्र आणि प्रत्येक मुलाच्या पुढ्यात पुठ्ठ्यावर काढलेला कीबोर्ड. मी 'सुरू झाला' असे म्हणतो आणि मुले टाइप करू लागतात. शेवटच्या वर्गात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची थोरली मुलगी आहे. तिची नखे पुठ्ठ्यावर अशी वाजतात की सारी शाळा तिला टकटक म्हणते. न पाहता, न चुकता ती पानेच्या पाने टाइप करते. अर्थात ती बरोबर होती की नाही हे पुठ्ठा सांगत नाही. मी मात्र दरवेळी शाबासकी दिली आहे.

५. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या, मोठ्या शाळेत झाली. टकटक जागेवर बसली, तिने बोटे कीबोर्डवर ठेवली आणि ती थांबली. समोरचा पडदा काळा होता. कोणीतरी 'सुरू झाला' म्हणेल, याची ती वाट पाहत होती. परीक्षकांना वाटले, मुलगी विचार करते आहे. शेजारची मुले बटण दाबून कामाला लागली. आमच्या मुलीला बटण असते हेच माहीत नव्हते, कारण छापील चित्रात ते नव्हते, म्हणून माझ्याही चित्रात नव्हते. मी खिडकीबाहेर उभा होतो, तिथून मुलांचे हात दिसत नव्हते. खुणेने तिला दाखवावे म्हटले, तर ते कुठे असते हे मलाही ठाऊक नव्हते. वेळ संपेपर्यंत तिची बोटे तशीच होती.

परतताना मला धीर देण्यासाठी ती म्हणाली, "सर, आपलाच बरा होता. तो नेहमी चालूच असायचा." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

६. चित्र दुरुस्त करावे म्हणून दुसऱ्या दिवशी मी आपल्या कार्यालयात आलो आणि खोक्याच्या दुसऱ्या बाजूला तरी बटण छापले आहे का, हे पाहायला ते उलटे केले. तळ फाटला आणि अख्खा संगणक माझ्या मांडीवर आला. शिपाईदादांना काहीच नवल वाटले नाही. आतल्या खोलीतील कारकून भाऊसाहेबांनी शांतपणे खुलासा केला, की ही खोकी शाळांसाठीच आली होती. परंतु वाटप होण्याआधीच लोक त्यांवर बसू लागल्याने मागच्या तपासणीत त्यांची नोंद 'अभ्यागतांसाठी बैठक व्यवस्था' अशी झाली. बैठक व्यवस्था शाळांना वाटता येत नाही. शिवाय त्यांनी मला विचारले, "तुम्ही ती नेलीत, तर लोकांनी बसायचं कुठे?" मला उत्तर सुचले नाही. बसणाऱ्यांत सर्वांत जुना मीच होतो.

७. घरी गेल्यावर उत्तर सुचले. सबब, माझ्या चित्रकलेच्या वर्गातील लांब बाक या अर्जासोबत आणून आपल्या व्हरांड्यात ठेवला आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली संदर्भ क्रमांक दोनमधील उत्तरे घडी करून घातली आहेत. आता तो डुगडुगत नाही. बैठक व्यवस्थेची आपली अडचण यामुळे दूर होईल.

८. तरी विनंती की, बाक ठेवून घ्यावा आणि खोकी आम्हांस द्यावीत. सर्व देणे शक्य नसल्यास ज्याचा तळ माझ्या हातून फाटला ते एक तरी द्यावे, कारण त्यावर आता कोणाला बसता येणार नाही. टकटकची पुनर्परीक्षा जवळ आली आहे. संगणकात पास झाल्याशिवाय तिला पुढच्या वर्गात प्रवेश मिळत नाही. यावेळी नापास झाली तर तिला शिलाई मशीनवर बसवीन, असे तिच्या आईने मला स्पष्ट सांगितले आहे. मुलीला सगळे येते, महोदय. तिला फक्त बटण येत नाही आणि ते माझ्यामुळे येत नाही.

९. संगणक देतेवेळी बटण कुठे आहे ते आपल्या कार्यालयातील कोणीतरी मला दाखवावे, ही जादा विनंती. कोणालाच ठाऊक नसल्यास तसे कळवावे. मी आणि टकटक मिळून शोधू.

उत्तराची वाट पाहत, यावेळी स्वतःच्याच बाकावर बसलेला,

(सही)
चित्रकला शिक्षक
(अतिरिक्त कार्यभार : संगणक)

दिनांक : पुनर्परीक्षेच्या आधीचा सोमवार

सोबत :
१) लाकडी बाक (पाकिटात न मावल्याने व्हरांड्यात ठेवला आहे).
२) फळ्यावरील संगणकाचे चित्र, बटणाची जागा मोकळी सोडून.
३) टकटकचा पुठ्ठ्याचा कीबोर्ड. हा पाहून लगेच परत करावा. सरावाला तिच्याकडे दुसरा नाही.