दहिवलीच्या घराचा वाजवी भाव

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
मार्चपासून एक ओळ लिहिली नाही. माफी असावी. (कोणाची? वही मीच वाचतो.)
आज आण्णांचं वर्षश्राद्ध झालं. वारस दोघंच, मी आणि धाकटी समिधा. ती कुंभिवलीहून आली होती. म्हणाली, "दादा, हक्कसोडीचा कागद आन, सही करते. मला एक साडी घे, झालं." आमच्यात सगळ्या बहिणी हेच करतात. मी म्हणालो, नाही. घराचा बाजारभाव काढून निम्मे पैसे देईन. स्वतःचं कौतुक वाटलं. बायकोने, नम्रताने, चहाचा कप आपटला.

५ नोव्हेंबर
सरकारी दराने अठरा लाख. निम्मे नऊ. पीएफचे सहा, बाकी कर्ज. जमतंय! मग शंका आली. जमतंय म्हणूनच आकडा बरोबर वाटत नाही ना? घेणारा मीच. बारकाईने बघायला हवं.

८ नोव्हेंबर
शेजारचे पदूकाका म्हणाले, "तुज्या गच्चीवरनं माथेरानचा डोंगर दिसतो रं. मुंबईवाले त्याचेच पैसे देतात." डोंगराचे दोन लाख धरले. अंगणातल्या जांभळाच्या झाडाचे पन्नास हजार.

१२ नोव्हेंबर
एजंट ओमकार येऊन गेला. विकायचं नाही हे त्याला बोललो नाही. (खोटंही बोललो नाही.) म्हणाला, "साहेब, डोळे झाकून अठ्ठावीस." छाती फुगली. मागच्या भिंतीची ओल वजा करणार होतो. पण ओल माझ्या आळसाची, समिधाने का सोसावी?
नम्रता म्हणाली, "अहो, घेणारे तुमीच ना? मग भाव कोनासाठी चढवताय?"
तिला तत्त्व समजत नाही.

१५ नोव्हेंबर
अठ्ठावीस लाख. कागदावर लिहून, खाली 'निम्मे तीस तारखेपर्यंत देईन' टाकून, सही करून, फोटो समिधाला पाठवला. तिचा अंगठा आला.

२१ नोव्हेंबर
बँक नाही म्हणाली. घर अजून आण्णांच्या नावावर. पतपेढी दीड लाख देते, दोन जामीन आणा म्हणते. म्हणजे साडेसहा लाख कमी. तीस तारखेच्या आत उभे करणारच.

२७ नोव्हेंबर
चार मित्र, चार नकार. समिधाला फोन केला, म्हटलं भाव जरा चढा लागला असावा. ती हसली. "आता नको रं दादा. आमच्या ह्यांनी अख्ख्या कुंभिवलीत सांगितलं."

३० नोव्हेंबर, रविवार
समिधा आणि तिचे मिस्टर संतोषराव आले. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे, जोरात चालतं. समिधा म्हणाली, "दादा, तुला जमत नाय ना? मग ताण घेऊ नको. तुजा हिस्सा आमी घेतो. तुज्याच आकड्यानं." चौदा लाखांचा चेक टेबलावर. मी घाईघाईने ओल दाखवली. भिंतीचा तडाही दाखवला. संतोषराव म्हणाले, चालतंय.
नाही कसं म्हणणार? आकडा माझा, सही माझी.
समिधाचे डोळे भरले. म्हणाली, तुमच्या आरोहीची दहावी होईपर्यंत इथेच राहा, भाडं नको. नम्रता हो म्हणणार तेवढ्यात मी म्हणालो, फुकट नाही. भाडं बाजारभावाने देईन.
नम्रता उठून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

उद्या : दहिवलीत तीन खोल्यांना काय भाडं चालतं, विचारणे.